कार्ड क्रमांक दोनशे बारा

२४ एप्रिल, शुक्रवार

वाचनालयात आज रहस्यमास सुरू झाला. २४ मेला इथे बल्गेरियात अक्षरांचा सण, तोपर्यंत जो सर्वांत जास्त रहस्यकथा वाचेल तो यंदाचा मानाचा वाचक. भिंतीवर पुठ्ठ्याचं अक्रोडाचं झाड उभं केलंय. एक पुस्तक वाचून झालं की झाडाला कागदाचं एक हिरवं पान, आणि त्या पानावर कार्डाचा क्रमांक. नाव नाही. “नाव लिहिलं की लोक लाजतात,” असं नेव्हेनाचं, म्हणजे आमच्या नव्या ग्रंथपालबाईंचं मत. मी कशाला लाजू? सलग सहा वर्षं पहिला येतोय. क्रमांक ४१ म्हणजे मास्तर, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

पुस्तक परत करताना दोन ओळींचा अभिप्राय चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. नेव्हेना तो स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवते. अभिप्रायात खुनी कोण ते सांगायचं नाही. हा नियम खास माझ्यावर अन्याय करण्यासाठी केलेला दिसतो, कारण मला सांगण्यासारखं तेवढंच असतं.

नेव्हेना गेल्या शरदात या गावात आली. शिस्तीची बाई आहे. नेहमी काळ्या कपड्यांत असते. शोभतो तिला काळा रंग.

तीन पुस्तकं आणली. पहिलं दीपगृहातल्या खुनाचं. जेवता जेवता एकोणसाठाव्या पानावर खुनी पकडला आणि लगेच कालिनाला सांगून टाकलं, “रखवालदार नव्हे, त्याची बायको.” कालिनाचा हात पुस्तकाकडे येत होता. तिनं तो वाटेतच वळवला आणि मीठ उचललं. एकोणतीस वर्षांच्या संसारात मी तिचे असे किती तास वाचवले असतील, याला गणती नाही.

ही दैनंदिनी मी मराठीत लिहितो ते काही मातृभाषेच्या प्रेमापोटी नव्हे. या घरात, किंबहुना या नदीच्या दोन्ही काठांवर, ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, म्हणून.

२७ एप्रिल

झाडाला तीन पानं. दोन माझी, एक कुणा २१२ चं. बरं झालं. एकट्यानंच धावून पहिलं येण्यात कसला पुरुषार्थ?

येताना चौकातल्या विजेच्या खांबाला नेहमीप्रमाणे नवे मृत्युलेख चिकटवलेले दिसले. काळ्या चौकटी, फोटो. लोक थांबून थांबून वाचत होते. मी कधीच वाचत नाही. त्यांचा शेवट आधीच माहीत असतो.

३० एप्रिल

२१२ ची पाच पानं. माझी चार.

वही चाळली. पाणबुडीच्या कादंबरीवर मी लिहिलं होतं: ‘हेतू आणि साध्य यांच्यातली व्याप्ती लेखकाला सिद्ध करता आलेली नाही, तरीही शैली प्रवाही.’ त्याच्याखाली २१२ चा अभिप्राय: ‘पाणबुडीत अठ्ठावीस पुरुष, तीन महिने, आणि मोजे धुतल्याचा उल्लेख एकदाही नाही. हवा कुणी विषारी केली हे शोधायला गुप्तहेर कशाला हवा?’

वहीपाशी दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी माझ्यावरून नजर घसरवली आणि २१२ वर पोट धरून हसल्या.

जेवताना मी तो अभिप्राय कालिनाला वाचून दाखवला. शक्य तितक्या कोरड्या आवाजात, म्हणजे त्यातला उथळपणा लक्षात यावा.

“बरं लिहिलंय की,” ती म्हणाली.

“बरं? याला समीक्षा म्हणतात?”

“तू काय लिहिलंस?”

मी माझा अभिप्राय म्हणून दाखवला. ती बराच वेळ सूप ढवळत राहिली. “वास्को,” ती म्हणाली, “तुझं प्रवाही आहे.” वासुदेवचा वास्को मी इथे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात झालो. ती तो शब्द अजूनही अशा काही सुरात उच्चारते की चिडावं की विरघळावं ते ठरत नाही.

“कोण असेल गं हा २१२?”

“असेल कुणी रिकामटेकडा,” असं म्हणून ती आणखी पाव आणायला उठली. टोपली भरलेली होती.

४ मे

आज उघड वाद झाला.

“नेव्हेनाबाई, सोफियाहून नवी पेटी आली ना?”

“आली.”

“मग ते बर्फात अडकलेल्या हॉटेलचं पुस्तक?”

“गेलं.”

“कुणाकडे?”

“वाचकाकडे.”

“वाचकाला काही नावगाव असेल.”

“मास्तर, तुम्ही काय वाचता हे मी कुणाला सांगते का? मार्चमध्ये तुम्ही ते पोटाच्या विकारांवरचं नेलं होतंत, त्याबद्दल मी आजवर कुणापाशी एका शब्दानं...”

“राहू द्या, राहू द्या.”

“तेच म्हणते मी.”

नवं पुस्तक आलं की आधी २१२ कडे जातं. मग दोन दिवसांनी, दुसऱ्याच्या बोटांनी ऊब दिलेलं, माझ्याकडे. हा पक्षपात आहे. आणि पक्षपाताला कारण असतंच. नेव्हेना आणि २१२ यांचं काहीतरी गूळपीठ असणार, असं मी घरी म्हणालो. कालिना गंभीर झाली. नेव्हेनाबद्दल काहीतरी सांगू लागली, पंधरा तारखेचं काहीसं. मी नेमका दोनशे चौदाव्या पानावर होतो. “हो का,” म्हटलं.

६ मे, संत गेओर्गीचा दिवस

शाळेला सुट्टी. कालिनानं कोकरू फार सुंदर भाजलं होतं.

“नेव्हेनाला बोलावू या का? एकटीच असते.”

“माझी पुस्तकं परस्पर दुसऱ्याला देणारीला मी कोकरू खाऊ घालू?”

“बरं,” ती म्हणाली आणि एक मोठा तुकडा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. उद्या मळ्यावर न्यायचा म्हणाली.

मळ्यावरून आठवलं. आमचा टेकडीवर जमिनीचा एक पट्टा आहे, आणि त्यात एक खोली. मिरच्या-टोमॅटोच्या रोपांचे हे दिवस, त्यामुळे कालिना रोज पिशवी घेऊन वर जाते, हे ठीकच. पण काल मी खिडकीतून दुर्बीण लावून पाहिलं. दोन आठवडे, रोज सहा तास, आणि मिरच्यांच्या ओळी दोन! एवढ्या वेळात माझ्या हातूनही तीन झाल्या असत्या, आणि माझ्या हातानं कोथिंबीरही उगवत नाही.

वहीत २१२ चा नवा अभिप्राय, बर्फातल्या हॉटेलवर: ‘या इन्स्पेक्टरला बुटाच्या तळव्याची माती पाहून माणूस कुठल्या खोऱ्यातून आला ते ओळखता येतं. बायको आठवडाभर आपल्याशी बोलत नाहीये, हे मात्र त्याला तिची चिठ्ठी सापडल्यावर कळतं.’

हा माणूस अविवाहित असावा. संसारी पुरुषाला असलं काही सुचत नाही.

९ मे, शनिवार

क्रमानं लिहितो.

कालिना बाजाराला गेली असताना मी मळ्यावर गेलो. म्हटलं, आपणही चार रोपं लावावीत. (दैनंदिनीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मी बघायला गेलो होतो.) खोलीची किल्ली दगडाखालीच होती. आत टेबलावर दोन कप, दोन्ही वापरलेले. वेलदोडा घातलेल्या कॉफीचा वास. कालिना कॉफीत वेलदोडा फक्त आवडत्या माणसासाठी घालते. तो मीच तिला शिकवला. आणि कपांच्या शेजारी एक कादंबरी, तीन दिवसांपासून मी जिच्या मागावर होतो ती, गोंडोलातल्या प्रेताची. मागच्या पानावरच्या चिठ्ठीत कालची तारीख आणि क्रमांक: २१२.

पुस्तकावर चष्मा होता. काळ्या, जाड चौकटीचा. पुरुषाचा.

मी खुर्चीवर बसलो. खुर्ची माझी नव्हती असं पहिल्यांदाच वाटलं. एकसष्टाव्या पानात मिरचीचं एक सुकलेलं पान खुणेला घातलेलं होतं. म्हणजे तो इथे बसून वाचतो. माझ्या मळ्यात, माझ्या वेलदोड्याची कॉफी पीत, मला न मिळालेली पुस्तकं. आणि ती समोर बसून ऐकते? हसते? त्या पाणबुडीतल्या मोज्यांवर ती आधी इथेच हसली असणार. मला मिळालं ते शिळं हसू होतं.

कप न धुता आलो. पुरावा हलवायचा नसतो.

११ मे

अनुमान नियमाप्रमाणे पाच अवयवांत मांडून पाहिलं. प्रतिज्ञा: मळ्यात परपुरुष येतो. हेतू: चष्मा आहे म्हणून. उदाहरण: जिथे जिथे पुरुषी चष्मा, तिथे तिथे पुरुष, जशी आमच्या शाळेतली शिक्षकांची खोली. उपनय: मळ्यात तसा चष्मा आहे. निगमन: तस्मात्. पुढचं लिहवत नाही. पुण्याला मला न्यायशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजींपुढे मांडलं असतं तर म्हणाले असते, वासुदेवा, निर्दोष आहे. तेवढंच दुःख आहे. निर्दोष आहे.

आजवर कालिनाला मी कधी काही विचारलं नाही. मला वाटायचं, मला सगळं माहीत आहे.

झाडावर त्याची चौदा. माझी अकरा. वाचताना लक्ष लागत नाही. प्रत्येक कादंबरीत दुसरा पुरुष येतो आणि मी पुस्तक मिटतो.

१३ मे

नेव्हेना फोन घ्यायला आत गेली. कार्डांचा लाकडी खण उघडा होता. तेहतीस वर्षं मी दुसऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या पोरांचे कान उपटत आलोय. आज माझे कोण उपटणार होतं? डोकावलो.

२१२. ल्युबेन राशेव्ह. जन्म १९६४. पाटबंधारे अभियंता. लिपा रस्ता, ९.

कार्ड गेल्या ऑक्टोबरातलं. तेव्हाच्या सहा पुस्तकांपुढे सह्या आहेत, पण एकाहून एक वेड्यावाकड्या. बाटली आवडत असावी. मग मध्ये पाच महिने काहीच नाही. परदेशी गेला असावा. आणि २४ एप्रिलपासून पुस्तकामागे पुस्तक, सहीच्या जागी नुसती बरोबरची खूण. सही करण्याइतकीही पर्वा नाही गृहस्थाला.

जेवताना मी सहज विचारावं तसं विचारलं, “ल्युबेन राशेव्ह नावाच्या माणसाला ओळखतेस?”

कालिनानं चमचा खाली ठेवला. “ओळखत होते,” ती म्हणाली.

होते! भूतकाळ!

“कसा माणूस आहे?”

“फार हसवायचा.” तिचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे बघितलं. “वास्को, तुला आत्ता आठवण झाली?”

मी उठून बागेत गेलो. म्हणजे तिला वाटतं, नवऱ्यानं हे आधीच ओळखायला हवं होतं! एवढं उघड चाललं होतं का सगळं?

१५ मे, शुक्रवार

सकाळी स्वयंपाकघरात शिजवलेल्या गव्हाचा वास. वरून साखर, अक्रोड, म्हणजे कुणा गेलेल्याच्या नावानं वाटायचा गहू. कालिना गडद निळा पोशाख घालून ताट बांधत होती.

“कुणाचं?”

“सांगितलं होतं तुला.”

“हो, हो,” म्हटलं. काय सांगितलं होतं ते आठवेना, आणि आता विचारायची सोय उरली नाही.

“येतोस?”

“दोन पुस्तकं आजच संपवायची आहेत.”

ती दारात जरा थांबली. मग गेली. मी गव्हाचा एक चमचा खाल्ला. माणूस कुणीही असो, गहू उत्तम होता.

१६ मे

ठरवलं: समोरासमोर. पुरुषासारखं. दाढी केली, जाकीट घातलं, लिपा रस्त्यावर नऊ क्रमांकाच्या इमारतीपर्यंत मनातल्या मनात भाषण घोकत गेलो. ‘महाशय, आपण माझ्यापेक्षा तीन पुस्तकांनी पुढे आहात, ते मी सोसलं असतं...’ अशी सुरुवात होती.

इमारतीच्या दारावर कागद चिकटवलेला होता. काळी चौकट. मी मृत्युलेख वाचत नाही, पण हा बरोबर दाराच्या मुठीवर होता. फोटोतला माणूस हसत होता. डोळ्यांवर काळ्या, जाड चौकटीचा चष्मा.

‘सहा महिने झाले, तू नाहीस. अभियंता ल्युबेन राशेव्ह. तुझी, नेव्हेना.’

तळमजल्याच्या खिडकीतून लेल्या स्तोयना वाकली. सगळ्या इमारतीची ही मावशी. तिच्या नजरेतून मांजरही सुटत नाही.

“कुणाकडे, मास्तर?”

“ल्युबेन राशेव्ह,” माझ्या तोंडून गेलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जाकीट, दाढी. “जरा उशीर केलात.”

“मला... माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं? तुमची कालिना नोव्हेंबरात तीन दिवस या जिन्यावर बसून होती! काल सगळी इमारत नेव्हेनाकडे जमली, गहू कालिनानंच आणला. तुम्हीच तेवढे नव्हतात. म्हणाली, मास्तरांना बरं नाही.” मग खिडकी लावता लावता, “काळजी घ्या. रंग काही बरा दिसत नाही.”

शनिवारची दुपार. मी नदीकाठच्या बाकावर दोन तास बसलो. गुरुजींनी चार प्रमाणं शिकवली होती: डोळ्यांनी दिसलेलं, त्यावरून ताडलेलं, सारखेपणानं ओळखलेलं, आणि विश्वासाच्या माणसानं सांगितलेलं. पहिल्या तिन्हींवर मी आयुष्य काढलं. चौथं रोज जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसून बोलत होतं, आणि मी दोनशे चौदाव्या पानावर होतो.

तरी प्रश्न उरतोच. मेलेला माणूस चौदा पुस्तकं कशी वाचतो?

आणि मग, कुठलंही पान न उलटता, कळलं.

१८ मे, सोमवार

वाचनालय उघडण्याआधीच दारात उभा होतो.

“नेव्हेनाबाई, मी कार्ड पाहिलं. चोरून. आणि... तुमच्या दुःखात मी आलो नाही. माफी मागायचीही लाज वाटते.”

ती किल्ली फिरवत राहिली. “आत या, मास्तर. बसा.” आणि बसल्यावर, “किती पानं लागली तुम्हाला?”

“खूप. शेवटपर्यंत गेलो.”

“ल्युबेनला इथलं कार्ड काढून दिलं तेव्हा त्याला अंथरुणातून उठवत नव्हतं. सहा पुस्तकं वाचली त्यानं. तो गेल्यावर कार्ड रद्द करायला हवं होतं. रोज खण उघडायचे, रोज बंद करायचे. कालिना म्हणाली, ठेव उघडंच, त्याच्या कार्डावर मी वाचते. तो वाचतोय असं होईल.”

“पण घरी आमचं कार्ड आहे. एक्केचाळीस. दोघांचं आहे ते.”

“दोघांचं?” नेव्हेना हसली. आज प्रथमच पाहिलं तिला हसताना. “तिनं माझ्याकडे एकच मागणं मागितलं. पुस्तक मास्तरांच्या आधी दे. बस. एकोणतीस वर्षांत तिला एकही खुनी स्वतः सापडू दिला नाहीत तुम्ही. पुस्तक उघडायच्या आत तुम्ही बेड्या ठोकून मोकळे.”

मला वाटायचं, ती मीठ घेतेय.

“आणि चष्मा?”

“ल्युबेनचा. तिला बरोबर बसला. तुम्ही कधीतरी म्हणाला होतात म्हणे, चष्मा लावलेली बायको म्हणजे घरात मुख्याध्यापिका.”

म्हणालो होतो. विनोद म्हणून. सगळे हसले होते. तीही हसली असावी. मी बघितलं नव्हतं.

“रविवारी, कधी संध्याकाळीही, मी वर मळ्यावर जाते,” नेव्हेना म्हणाली. “एक प्रकरण ती मोठ्यानं वाचते, एक मी. मग खुनी कोण यावर भांडतो. जी हरेल तिनं बानित्सा करायचा. तुमच्या बायकोचा तीनदा झालाय.”

म्हणजे मागच्या रविवारी मी खाल्ला तो चीज भरलेला, खुसखुशीत पापुद्र्यांचा बानित्सा हरण्याचा होता. मत्सर संपेल असं वाटलं होतं. तो नुसता खुर्ची बदलून बसला. मेलेल्या माणसाचा काय करायचाय? पण या दोघी तिथे बसून भांडतात! मला आजवर कुणी भांडायला बोलावलं नाही. आणि बोलावतील कसे? मी निकालच घेऊन येतो.

“तिला सांगू नका,” नेव्हेना म्हणाली. “तिचं हे एवढं एकच गुपित आहे.”

“नाही सांगणार,” म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

२२ मे

महिन्यातली शेवटची कादंबरी. गावाकडची हवेली, म्हातारा मालक, विषारी चेरीचं सरबत. २१२ कडून परवाच परत आलेली; मधल्या पानांत मातीचे दोन ठसे.

कालिना काकड्या चिरत होती. मी पंचेचाळिसाव्या पानावर आलो आणि कळलं. कळणं कुठे आपल्या हातात असतं?

तिला माझं थांबणं ऐकू आलं असावं. सुरीही थांबली. “सापडला?” तिनं पाठमोरीच विचारलं. तिला उत्तर आधीच माहीत होतं, आणि ते मला माहीत होतं. तरी तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते, दार आपटणार हे कळल्यावर चढतात तसे.

“माळी असावा,” मी म्हटलं.

“माळी?” ती वळली.

“सरबताच्या चेरी त्यानंच तोडल्या. झाडावरून सरळ पेल्यात. दुसरं कोण असणार?”

“तुला खात्री आहे?”

“शंभर टक्के.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पान उलटलं. आपण फारच चांगला नट आहोत असं मला वाटलं. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले. “असेल बाई माळी,” ती म्हणाली, आणि तारातोरमध्ये, म्हणजे दही-काकडीच्या गार सुपात, लसूण घालता घालता काहीतरी गुणगुणू लागली. ते गाणं मी पाचसहा वर्षांत ऐकलं नव्हतं.

खुनी बहीण आहे. धाकटी. चेरीच्या बिया ती वेगळ्या कुटून ठेवते, पान त्रेचाळीस. इथे लिहून ठेवतो, कारण कुठेतरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि ही वही तेवढी माझं ऐकून घेते.

२४ मे, रविवार, अक्षरांचा सण

शाळेची मिरवणूक, बँड, हार. मग वाचनालयाचं सभागृह. वाटेत मी फुलवालीकडे थांबलो. पिओनीची फुलं मागितली, सहा. इथे जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची, गेलेल्याला सम. तिनं विचारलं, “सहाच ना, मास्तर?” “सहाच,” म्हटलं. सणाच्या दिवशी सम फुलं घेऊन सभागृहात शिरणारा मी एकटाच होतो.

नेव्हेनानं तिसरा क्रमांक वाचला. दुसरा: कार्ड एक्केचाळीस, एकोणीस पुस्तकं. टाळ्या. मला कागदाची गुंडाळी मिळाली.

“पहिला,” ती म्हणाली, “कार्ड दोनशे बारा. बावीस पुस्तकं. वाचक...” ती थांबली. “वाचक आज येऊ शकत नाही. त्याच्या वतीनं बक्षीस मी घेते.”

सगळं सभागृह उभं राहिलं. कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. सहा महिने मीच तेवढा वाचत होतो. एका चिमुरडीनं नेव्हेनाला सात ट्युलिप दिले. मग मी पुढे झालो आणि सहा पिओनी दिल्या. तिनं मोजल्या नाहीत. तिच्या बोटांनी मोजल्या. “त्याला आवडायच्या,” एवढंच म्हणाली.

परत जागेवर आलो तर कालिनाही बोटांवर काहीतरी मोजत होती. मी बसलो. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि टाळ्या संपेपर्यंत काढला नाही.

निघताना वही उघडून पाहिली. सवय. हवेलीच्या कादंबरीवर २१२ चा अभिप्राय, पुस्तक परत केल्यावर मागाहून टाकलेला, कालच्या तारखेचा: ‘खुनी कोण ते पंचेचाळिसाव्या पानावर कुणालाही कळतं. एक माणूस मात्र ते कळूनही “माळी” म्हणाला. अशा माणसासोबत आणखी एखादी कादंबरी वाचून बघायला हरकत नाही.’

नट म्हणून मी कुठल्या दर्जाचा आहे ते कळलं.

दुपारी द्राक्षाच्या वेलाखाली बसलो. कालिनानं आतून बक्षिसाचं पुस्तक आणलं. नेव्हेनानं तिला दिलेलं. कोरं करकरीत, अजून कुणी न उघडलेलं. मग एप्रनच्या खिशातून काळ्या, जाड चौकटीचा चष्मा काढला, पुसला, माझ्यादेखत डोळ्यांवर चढवला आणि पहिलं पान उघडलं.

“तू नंतर,” ती म्हणाली.

“मी नंतर,” मी म्हटलं.

आता ती साठाव्या पानाच्या आसपास आहे. मी समोर बसून हे लिहितोय आणि मला अजूनही मत्सर वाटतोय, खोटं कशाला लिहू. आत्ताच ती मोठ्यानं हसली. कशाला, ते मी विचारलेलं नाही.